कूलर लावताय? आधी हवा बाहेर जायची वाट करा

एप्रिल उजाडला की विदर्भातली दुपारची हवा इतकी कोरडी होते की दोरीवर टाकलेला ओला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. नाकात खपल्या धरतात, ओठ फुटतात, रात्री दोन-तीनदा उठून पाणी प्यावं लागतं. अशा हवेला ओलावा द्यायचं आपल्याकडचं साधन म्हणजे कूलर. तो घरोघरी आहे, आणि घरोघरी एकच तक्रार आहे: कूलर चालू असूनही खोली चिकचिकते, सकाळी अंग जखडतं, उशीला कुबट वास येतो.

बहुतेक वेळा यंत्र चांगलं असतं, चूक लावण्याच्या क्रमात असते. आमच्या मागच्या खोलीत तीन उन्हाळे कूलर बंद खिडक्यांत चालला. आईचा दमा त्या दिवसांत वाढायचा आणि आम्ही उन्हाला दोष देत बसायचो. लोखंडी कपाट सरकवलं तेव्हा मागच्या भिंतीवर हातभर काळी बुरशी दिसली, आणि मग उलगडा झाला. तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

हे सगळं नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ, जळगाव, मराठवाडा अशा कोरड्या उन्हाळ्याच्या भागासाठी आहे. मुंबई, कोकण, गोव्यात हवेत आधीच भरपूर ओलावा असतो. तिथे कूलर लावू नका, पंखाच बरा.

टप्पा १ : हवा किती कोरडी आहे ते मोजा

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर बाजारात सहज मिळतं. पण ते आणल्या आणल्या त्यावर विश्वास ठेवू नका, आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि त्यात पाण्याचे थेंब घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवले तर तुमचं मीटर ५ ने कमी दाखवतं. तेवढी नोंद त्याच्या पाठीवर चिकटवून ठेवा.

त्याहून उपयोगाची परीक्षा म्हणजे ओल्या फडक्याची. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर घ्या, ताप बघायचा नव्हे. बाहेर सावलीत त्याचं तापमान वाचा. मग त्याच्या फुग्याला मलमलचा ओला तुकडा गुंडाळा, टेबलफॅनसमोर पाच मिनिटं धरा आणि पुन्हा वाचा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे कूलरचं भांडवल. चांगल्या स्थितीतला कूलर या फरकाच्या साधारण तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश थंडावा देतो, पूर्ण फरकाच्या पलीकडे तर कोणतीही कंपनी जाऊ शकत नाही.

मे महिन्यातली दुपार घ्या. बाहेर ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओलं फडकं २३ अंशांच्या आसपास थांबेल. फरक २१ अंशांचा, म्हणजे कूलरमधून येणारी हवा २७-२८ अंशांची. आता पहिला पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस घ्या. ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओलं फडकं २८ च्या थोडं वर थांबतं. फरक सहाचाही नाही. हवा चार अंशांनी उतरेल, पण तोंडावर येईल ती जवळजवळ वाफेसारखी ओली होऊन.

तपासणी: फरक १० अंशांहून जास्त असेल तर कूलर मनापासून चालवा. ६ ते १० असेल तर पाणी फिरवणारा पंप थोडा वेळ चालवा, थोडा वेळ बंद ठेवा. ६ हून कमी असेल तर पंपाला हातच लावू नका.

टप्पा २ : हवा बाहेर जायची वाट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून त्याला दारं-खिडक्या बंद लागतात. कूलरचं नेमकं उलट आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओढतो, तिला पाणी पाजतो आणि आत ढकलतो. ती हवा खोलीतली उष्णता आणि ओलावा घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. वाट नसेल तर तीच ओली हवा आत साचते. मग पंख्याचा जोर कमी पडतो, नवी कोरडी हवा येईनाशी होते, अंगावरचा घाम वाळत नाही आणि आपण म्हणतो, "कूलर काही काम करत नाही."

१. कूलर ज्या भिंतीत आहे तिच्या समोरच्या किंवा तिरक्या कोपऱ्यातल्या खिडकीची निवड करा. कूलरशेजारचीच खिडकी उघडली तर हवा आत शिरून तिथूनच वळते आणि पलंगापर्यंत पोचतच नाही.

२. बारा बाय बाराच्या खोलीसाठी दीड ते दोन चौरस फूट मोकळी जागा पुरते. दोन फूट रुंदीचा एक खिडकीचा दरवाजा वीतभर फटीने उघडा ठेवलात तरी बरंच काम होतं. डासांची जाळी असेल तर थोडं जास्त उघडा, कारण जाळी हवा अडवते. धुळीने भरलेली जाळी तर भिंतच समजा.

३. कूलर बैठकीत आहे आणि गारवा झोपायच्या खोलीत हवा आहे? मग बैठकीच्या बाकीच्या खिडक्या लावा, मधलं दार उघडं ठेवा आणि झोपायच्या खोलीची लांबची खिडकी उघडा. हवा जिथून बाहेर पडते त्या दिशेनेच वाहते. गारवा कुठे न्यायचा हे खिडकी ठरवते, कूलरचं तोंड नव्हे.

तपासणी: बाहेर जायच्या खिडकीला वर्तमानपत्राची लांब पट्टी चिकटवा. कूलर पूर्ण वेगावर असताना ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. लोंबत राहिली तर वाट चुकली आहे. खोलीचं दार उघडताना जोर लागत असेल किंवा दार धाडकन आपटत असेल तर वाट अपुरी आहे.

सावधान: हवेचा झोत गॅसच्या शेगडीवर येऊ देऊ नका. ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला तर लवकर कळतही नाही.

टप्पा ३ : कूलरची जागा आणि आकार

कूलर खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर किंवा गॅलरीत हवा. त्याच्या तिन्ही ताट्यांना, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या बाजूंना, मोकळी हवा मिळाली पाहिजे, भिंतीपासून निदान हातभर अंतर ठेवा. संडासाच्या झरोक्याजवळ, गटाराच्या कडेला किंवा गाडी उभी करायच्या जागी लावू नका. तिथला सगळा वास घरात येतो.

आकारासाठी सोपा हिशोब: खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि दोनने भागा. १२ बाय १२ बाय १० म्हणजे १४४० घनफूट, निम्मे ७२०. दर मिनिटाला तेवढे घनफूट हवा देणारा कूलर हवा, म्हणजे ताशी सुमारे १,२०० घनमीटर. खोक्यावरचा आकडा बहुधा ताट्या न लावता मोजलेला वाटावा इतका मोठा असतो, म्हणून हिशोबापेक्षा थोडा मोठाच घ्या.

ज्यांच्याकडे खोलीत ठेवायचा चाकांचा कूलर आहे त्यांनी त्याची पाठ उघड्या खिडकीला किंवा गॅलरीच्या दाराला लावावी आणि वाट समोरच्या बाजूला ठेवावी. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा भिजवत राहतो.

टप्पा ४ : ताट्या

वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या दर वर्षी नव्या घ्या. जुन्या धुऊन वापरल्या तर बसतात, वर रिकामी जागा पडते आणि तिथून कोरडी गरम हवा सरळ आत येते. ताटी उन्हाकडे धरून पाहा. जिथून लख्ख उजेड दिसतो तिथे आणखी वुडवूल भरा. पण कोंबूही नका, हवा अडते. नवी ताटी बसवायच्या आधी बादलीभर पाण्यात भिजवून पिवळट पाणी दोनदा काढून टाका, नाहीतर पहिले चार दिवस लाकडाचा उग्र वास येतो.

वाळ्याची ताटी सुगंधाला छान, पण हवा थोडी अडवते. एकाच बाजूला वाळा आणि दोन बाजूंना वुडवूल, असा मेळ मला आवडतो.

हनीकोंबची, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी कागदी ताटी दोन-तीन उन्हाळे टिकते. तिला वरची-खालची, आतली-बाहेरची बाजू असते. बाण किंवा खूण असेल तर पाहूनच बसवा. उलटी लागली तर पाण्याचे तुषार आत उडतात.

तपासणी (पुढच्या टप्प्यातली विजेची कामं झाल्यावरच): पंख्याशिवाय नुसता पंप दहा मिनिटं चालवा. तिन्ही ताट्या वरपासून खालपर्यंत सारख्या ओल्या दिसल्या पाहिजेत. कोरडा पट्टा दिसला तर वरच्या पन्हळीची भोकं सुईने मोकळी करा आणि कूलर समपातळीत आहे का ते पाण्याच्या बाटलीने पाहा.

टप्पा ५ : पाणी भरण्याआधी वीज

हा टप्पा वगळून पुढे जाऊ नका. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं, लेकरं दगावल्याच्या बातम्या येतात. महावितरण दर वर्षी सावध करतं, तरी हे थांबत नाही. लोखंडी पत्रा, पाणी, ओली जमीन, अनवाणी पाय: सगळं एकत्र येतं.

१. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हवं. तिसरी पिन असली म्हणजे भिंतीत तार असतेच असं नाही. वायरमनकडून मोजून घ्या.

२. कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. गळती झाली की ते क्षणात वीज तोडतं. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

३. पंपाच्या वायरीचा जोड टाकीच्या बाहेर, पाण्याच्या वर असू द्या. टेप गुंडाळलेला जोड पाण्यात कधीच नको. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका.

४. पाणी भरताना, ताटी काढताना, पंप हलवताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण काही घरांत बटण न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं, म्हणजे ते बंद असूनही आत वीज राहते.

फायबरचा कूलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वीज पंपातून पाण्यात उतरते. कोणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर करा. घरातल्या मुलांना हे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

टप्पा ६ : पाणी

वर हिशोब केलेल्या १२ बाय १२ च्या खोलीचा कूलर मेच्या दुपारी ताशी आठ-नऊ लिटर पाणी हवेत उडवतो. म्हणजे ५० लिटरची टाकी पाच-सहा तासांत तळाला जाते. रात्री कमी लागतं. हा हिशोब डोक्यात ठेवा, कारण टाकी कोरडी पडली की पंप जळतो.

पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बोअरचं जड पाणी असेल तर आठवडाभर नुसती भर घालत गेलात की टाकीत घट्ट खारं पाणी उरतं आणि ताट्यांवर पांढरा थर चढतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. ते पाणी अंगणात शिंपडायला, संडासात टाकायला चालतं. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाचवायचं म्हणून कूलरमध्ये ओतणारे बरेच आहेत. हेतू चांगला आहे, पण त्यात क्षार आधीच जास्त असतात. ते फरशीला वापरा, कूलरला नको.

बर्फ टाकून फारसं हाती लागत नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाणी उडून जाताना घेतं. गारवा पाण्याच्या थंडपणाने येत नाही, पाणी उडण्याने येतो. टाकीतलं पाणी कोमट लागलं तरी काळजी नको.

सावधान: टाकीत फिनाइल, रॉकेल, डांबरगोळ्या, अत्तर काही टाकू नका. पाण्यात जे असेल त्याची वाफ रात्रभर तुमच्या छातीत जाते.

टप्पा ७ : सुरू करायचा क्रम

आधी वाटेची खिडकी उघडा. मग पंप. पाच-दहा मिनिटांनी, ताट्या भिजल्यावर, पंखा. आधी पंखा लावला तर कोरड्या ताटीतली धूळ आणि बाहेरची झळ थेट अंगावर येते. पंखा पहिली पंधरा मिनिटं पूर्ण वेगावर ठेवा म्हणजे खोलीत साठलेली गरम हवा बाहेर फेकली जाईल. मग मध्यम करा.

अर्ध्या तासाने पलंगाजवळचं मीटर पाहा. ४५ ते ६० टक्के छान. ६५ च्या वर गेलं तर आधी खिडकी आणखी उघडा. तरी उतरलं नाही तर पंप बंद करून पंखा चालू ठेवा. आर्द्रता सतत जास्त राहिली की गादीतले धुळीचे किडे आणि भिंतीवरची बुरशी वाढते. दम्याच्या माणसाला याचाच त्रास होतो.

एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी लावू नका. कूलर ओलावा घालेल, एसी तो पिळून काढत बसेल, बिल मात्र दोघांचं येईल.

टप्पा ८ : रात्र, आणि बंद करायचा क्रम

रात्री दोन-तीननंतर बाहेरची हवा उतरते आणि ओलावा वाढतो. संध्याकाळी आठला जे बरोबर होतं ते पहाटे चारला जास्त होतं. अंग जखडतं ते यामुळे. पंपाला टायमर लावा आणि मध्यरात्रीनंतर अर्धा तास चालू, अर्धा तास बंद असं ठेवा. टायमर नसेल तर पाणी प्यायला उठाल तेव्हा पंप बंद करा, पंखा राहू द्या. झोत थेट डोक्यावर, लहान बाळावर नको.

बंद करताना सुरू करण्याच्या उलट: आधी पंप बंद, मग पंखा आणखी वीस-तीस मिनिटं. ताट्या वाळल्या पाहिजेत. ओल्या ताट्या दिवसभर बंद कूलरमध्ये राहिल्या की संध्याकाळी माशासारखा वास येतो. तो वास घालवायला लोक नाना सुगंध आणतात. ताट्या वाळवा, वास येणारच नाही.

टप्पा ९ : आठवड्यातून एक कोरडा दिवस

डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर टाकीच्या भिंतीला चिकटवते. नुसतं पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो.

म्हणून वार ठरवा. प्लग काढा, टाकी रिकामी करा, भिंती कडक ब्रशने घासा, कोपरे आणि पंपाखालची जागा विसरू नका. मग दोन-तीन तास उन्हात उघडी ठेवा. हनीकोंबवर पांढरा थर असेल तर ती काढून लिंबूसत्व घातलेल्या पाण्यात भिजवा आणि साध्या पाण्याची धार सोडून धुवा. ब्रश लावू नका, कागदी थर फाटतात.

कूलर नसेल, फक्त एसी असेल तर

एसीच्या खोलीत पाण्याची बादली ठेवायची पद्धत आहे. शांत हवेत बादलीतून रात्रभरात पेलाभरही पाणी उडत नाही. त्यापेक्षा दोन मोठे टॉवेल पिळून, उलगडून, स्टँडवर हवेच्या वाटेत वाळत घाला. पृष्ठभाग मोठा म्हणून ओलावा लवकर सुटतो. रोज धुतलेलेच टॉवेल घ्या.

धुकं सोडणारा ह्युमिडिफायर घेतला असेल तर त्यात जड पाणी घालू नका. पाण्यातले क्षार बारीक पांढरी धूळ होऊन टीव्हीवर, पुस्तकांवर आणि श्वासात बसतात. पाणी उकळून सगळे क्षार जात नाहीत. आरओचं गाळलेलं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा, आणि भांडं रोज रिकामं करून पुसा.

कूलर उतरवताना

मृग लागला, फडक्याचा फरक सलग तीन-चार दिवस ६ च्या आत आला की कूलर बंद करा. उतरवायचा कंटाळा करून तो ऑगस्टपर्यंत खिडकीत पाण्यासकट उभा राहतो, तेच डासांचं घर होतं.

वुडवूल फेकून द्या. हनीकोंब पूर्ण वाळवून कागदात गुंडाळा आणि उंदीर पोचणार नाहीत अशा जागी उभी ठेवा. पंप साध्या पाण्यात दोन मिनिटं चालवून, पुसून, वायरीसकट पिशवीत घाला. टाकी शेवटची घासणी झाल्याशिवाय माळ्यावर चढवू नका: चिकटलेली अंडी कोरड्यात महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या वर्षी पहिली बादली ओताल तेव्हा तीच फुटतील. टाकीचं भोक उघडं ठेवा, कूलरवर कापड टाका, प्लास्टिक नको.